तिसऱ्या लेखकाचा ई-मेल

अन्याय झाला तो काशिनाथ गोविंद ठोंबरे यांच्यावर. झाला नोव्हेंबर २००६ मधल्या तिसऱ्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, उल्हासनगरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात. केला मी.

सुरुवात अशी करायची हे मी बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात शिकले. विहाराच्या ओट्यावर बसून आमचं मंडळ पाण्यासाठी, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी पत्रकं काढायचं. नियम दोनच होते. पहिल्या वाक्यात कोणावर, कधी, कोणी, हे आलं पाहिजे. शेवटच्या वाक्यात वाचणाऱ्यानं काय करायचं ते. मधे रडायचं नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलंय की नोकरीतले अनुभव लिहा, जरा हलकंफुलकं. जमेल तिथे तसं लिहीन. पहिलं वाक्य मात्र बदलणार नाही.

आधी माझी नोकरी समजून घ्या, कारण ती सांगितली की लोक 'म्हणजे डीटीपी का?' असं विचारून मोकळे होतात. परदेशात रसायनशास्त्राची मासिकं निघतात. पूर्वी ती कागदावर छापायचे, आता कॉम्प्युटरवर वाचायला ठेवतात. तिथल्या प्राध्यापकाचा लेख कधी टाइप केलेला येतो, कधी हातानं खरडलेला. त्यातलं शीर्षक कुठलं, लेखक कोण, तक्ता कुठे संपतो, हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि मागे खुणा घालाव्या लागतात. आणि रेणूंची चित्रं नव्यानं काढावी लागतात. षटकोन, त्याला फुटलेल्या रेघा, रेघांच्या टोकाला अक्षरं. एक रेघ कमी पडली तर पदार्थच दुसरा होतो. हे काम तिकडे महाग पडतं म्हणून ते इकडे येतं, आणि इकडे म्हणजे उल्हासनगरात, नानकशेठच्या दुकानात.

नानकशेठ सिंधी, आधी लग्नपत्रिका छापायचे. दुकान जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली शिलाई मशिनं सुरू झाली की आमची टेबलं थरथरायची आणि माउसनं काढलेली रेघ वाकडी जायची. म्हणून अवघड रेणू मी दुपारी एक ते पावणेदोन या वेळात काढायचे, खालचे कारागीर जेवायला बसले की. एकदा एका जर्मन प्राध्यापकानं इतकी सुबक चित्रं पाहून शाबासकी पाठवली. ती खरं म्हणजे खालच्या डबेवाल्याला पोचायला हवी होती.

शेठना रसायनशास्त्र येत नव्हतं आणि मलाही बारावीपुरतंच येत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धंद्याचा कायदा सांगितला.

"वडी बेटा, अपने को समझना नहीं है, उतारना है. जैसा है वैसा. एक बिंदी ना जास्ती, ना कम."

"आणि चूक दिसली तर, शेठ?"

"तो पूछने का. चिठ्ठी लगाने का. अपने मन से कुछ नहीं करने का. लेखक राजा है."

एकदा एका कार्बनला पाच हात दिसले. चारच असतात, एवढं मला बारावीनं शिकवलं होतं. मी दुरुस्त केलं नाही, चिठ्ठी लावली. लेखकाचं उत्तर आलं, आभार, चूक माझी. त्या दिवशी मी घरी जाताना जरा ताठ चालले असेन.

उलट प्रसंगही यायचे. अंबरनाथहून एक ताई पीएच.डी.चा प्रबंध घेऊन आल्या. आलेखावर एक नकोसं टोक उभं होतं.

"हे एवढं पुसून दे ना गं. दिसतसुद्धा नाही कुणाला."

"दिसत नाही तर राहू दे ना ताई."

"अगं, गाइड ओरडतील."

"मग गाइडना विचारा हे टोक कशाचं आहे. मी पुसणार नाही. एमआयडीसीतल्या चिमणीचा धूर आहे का तो, रात्री गपचूप सोडून द्यायला?"

ताई तरातरा निघून गेल्या. शेठ चिडले, गिऱ्हाईक गेलं म्हणून. पण कायदा त्यांचाच होता, त्यामुळे फार बोलता आलं नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की मी कशी माणूस आहे हे कळावं. सात वर्षांत मी एक ऋण चिन्ह गाळलं नाही. गाळला तो एक माणूस.

त्याची गोष्ट अशी. नायर मॅडम एके दिवशी दुकानात आल्या. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, केरळच्या, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. हातात दहा-बारा पानांचं हस्तलिखित.

"प्रज्ञा तूच ना? आम्हाला एका परिषदेत लेख द्यायचा आहे. परिषद कॉम्प्युटरवर आहे."

"कॉम्प्युटरवर म्हणजे?"

"कुणी कुठे जायचं नाही. लेख वेबसाइटवर लागतात. प्रत्येक लेखाला दोन दिवस. त्या दोन दिवसांत जगभरातले शिक्षक ई-मेलनं प्रश्न विचारणार, आपण उत्तर द्यायचं, आणि ते सगळ्यांना दिसणार. विमानाचं तिकीट नाही, कोट शिवायला नको."

मला ही कल्पना फार आवडली. आमच्या कॉलेजांतल्या कुणाला परदेशातल्या परिषदेला कोण पाठवणार? इथे दारच काढून टाकलेलं. हुशार असाल तर या, एवढंच. असं मला तेव्हा वाटलं.

लेख टायट्रेशनवर होता. बारावी झालेल्यांना आठवत असेल. खाली चंबूत आम्ल, वर काचेच्या लांब नळीत अल्कली. थेंब थेंब सोडायचं. चंबूत एक रंगसूचक असतो, तो योग्य क्षणी फिकट गुलाबी होतो. तिथे थांबायचं. एक थेंब जास्त झाला की गडद गुलाबी आणि सगळं फुकट. आता फिकट म्हणजे किती फिकट? पुस्तकात 'फिकट' एवढंच लिहिलेलं असतं. वर्गातली चाळीस मुलं चाळीस फिकट करतात.

त्या कॉलेजात मात्र करत नव्हती. तिथे खिडकीच्या कट्ट्यावर लाकडी घोडीत सहा काचनळ्या उभ्या असायच्या, तोंडं आचेवर वितळवून बंद केलेल्या, आत गुलाबी पाणी. पहिली जवळजवळ बिनरंगी, सहावी गडद. मुलं चंबू तिसऱ्या नळीशेजारी धरायची. जुळलं की थांबायचं. रंगसूचकाचा गुलाबी हवा लागून उडतो, पण या नळ्यांतला वर्षानुवर्षं टिकायचा, कारण तो रंगसूचकाचा नव्हताच. कोबाल्टच्या क्षाराचा गुलाबी, त्यात तांब्याच्या निळ्याचा किंचित हात मारून जुळवलेला.

जुळवला होता मामांनी.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. आपल्याकडे कॉलेजातल्या प्रत्येक परिचराला मामा म्हणतात, त्यात प्रेमही असतं आणि सोयही असते. हे मामा बदलापूरच्या पलीकडच्या गावचे. घरी भातशेती. तरुणपणी अंबरनाथ एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात होते. तिथे माल बाहेर पडण्याआधी नमुन्याशी शेड जुळवून बघतात. मामा ते जुळवणाऱ्याच्या हाताखाली होते आणि पुढे स्वतःच जुळवू लागले. कारखाना बंद पडला, मामा कॉलेजात आले. पोरांचे चाळीस गुलाबी पाहून त्यांना राहवेना. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी नळ्या केल्या.

मी फोटो काढायला गेले तेव्हा त्यांची ओळख झाली. बारीक, ताठ माणूस, खाकी शर्टाच्या खिशात दोन ड्रॉपर. मी फोटो काढून तिथल्या कॉम्प्युटरवर दाखवला. मग शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर. मामांनी दोन्ही पाहिले आणि मान हलवली.

"अगो बाय, ह्यो येगळा गुलाबी, त्यो येगळा गुलाबी."

"स्क्रीन वेगवेगळे आहेत ना मामा."

"मंग तिकडं गोऱ्यांचा पडदा तिसराच असंल. ते चुकीच्या गुलाबीला थांबतील. फोटो देऊ नका."

"पण फोटो नाही तर दाखवणार काय?"

"रंग दाखवायची वस्तू नाय. करायची वस्तू हाय. इतक्या पाण्यात याचे इतके थेंब, त्याचे इतके थेंब. घरी करा आन् बगा."

सांगायला लाज वाटत नाही, मी ई-पब्लिशिंगमध्ये सात वर्षं काढलीत, आणि पडद्यावरच्या रंगावर विश्वास ठेवू नये हे मला ज्यानं समजावलं त्या माणसानं तोवर माउस हातात धरला नव्हता. नायर मॅडमनी तिथेच मामांना बसवून थेंबांचा तक्ता उतरवून घेतला. लेखातला तोच खरा भाग. बाकी प्रस्तावना आणि संदर्भ. मॅडमनी लेखकांच्या ओळीत तीन नावं लिहिली. विभागप्रमुख म्हात्रे सर, स्वतः मॅडम, आणि तिसरं 'ठोंबरे (मामा)'.

हे हस्तलिखित माझ्याकडे होतं. जैसा है वैसा.

आता तो गुरुवार. लेख पाठवायचा शेवटचा दिवस. परिषदेची नोंदणी म्हात्रे सरांच्या नावानं, म्हणून मी विभागातल्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला बसले. बारा वाजता लोडशेडिंग, ते संध्याकाळपर्यंत. बॅटरीचा डबा केव्हाच मेलेला. लेखकांचा तक्ता आला. प्रत्येक लेखकापुढे तीन रकाने, तिन्हींवर लाल चांदणी. म्हणजे भरलेच पाहिजेत. नाव. आडनाव. ई-मेल.

सरांचं भरलं. मॅडमचं भरलं. तिसऱ्या ओळीत आडनाव ठोंबरे लिहिलं आणि थांबले.

"सर, मामांचं नाव काय?"

सर जर्नल तपासत होते. वर न पाहता म्हणाले, "मामांचं? मामा."

"पहिलं नाव हवंय."

मग त्यांनी वर पाहिलं. खरंच आठवायचा प्रयत्न केला. अठरा वर्षं दोघं एका छताखाली होते. "अरे... मस्टरवर असेल. ऑफिसात विचार."

ऑफिसातलं कपाट बंद, किल्लीवाले क्लार्क बँकेत. नायर मॅडम दुसऱ्या कॉलेजात परीक्षेच्या ड्यूटीवर, फोन बंद. मामा स्वतः शुद्ध पाण्याचे कॅन आणायला रिक्षानं अंबरनाथला गेलेले. मी प्रयोगशाळेत दोन मुलांना विचारलं. ती हसली. "मामांना नाव पण आहे?"

नाव एक वेळ मी के म्हणून, एम म्हणून काहीतरी अक्षर घालून भागवलं असतं. पण ई-मेल? मामांकडे ई-मेल नव्हता. चांदणी लाल ती लालच. पुढे जायचं बटण राखाडी ते राखाडीच.

"सर, ई-मेल नाही म्हणून पुढे जात नाहीये."

सरांनी घड्याळ पाहिलं. "प्रज्ञा, अकरा चाळीस झाले. ती ओळ काढ. आपण आभारात घालू त्यांना."

सर वाईट माणूस नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पत्रकात आम्ही असं लिहीत नसू. पण बटण मी दाबलं. वीस मिनिटं होती. फुकटातला ई-मेल उघडायला पाच मिनिटं लागतात, मी दिवसाला कुणाकुणाला उघडून देत होते. सुचलं नाही? सुचलं होतं. मनात म्हटलं, आता कुठे तो खटाटोप. तिसरी ओळ गेली. राखाडी बटण हिरवं झालं. आणि आभारात काय गेलं? 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार.' नाव तिथेही नाही, कारण नाव माहीतच नव्हतं.

दार काढून टाकलंय असं मला वाटलं होतं. दार तसंच होतं, नुसतं त्यावर लाल चांदणी लावली होती.

महिन्याभरानं परिषद झाली. आमच्या लेखाचे दोन दिवस आले. मी सकाळी प्रश्न छापून काढायचे, मॅडम ते मामांना मराठीत सांगायच्या, मामा खिडकीशी उभे राहून उत्तर द्यायचे, मॅडम इंग्रजी करायच्या, मी सरांच्या ई-मेलवरून पाठवायचे. माणसं चार, सही एक. प्रश्न बरे होते. नळी किती वर्षं टिकते, कोबाल्टऐवजी दुसरं काही चालेल का. मामांना मजा येत होती. "आजून इचारा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेचा ई-मेल आला. आमच्या तक्त्यावरून तिनं नळ्या केल्या होत्या. पण सकाळी जुळलेला रंग दुपारी जुळत नव्हता. आमच्या लेखात सांगितल्याप्रमाणे ती उत्तरेच्या खिडकीतच बघत होती.

उत्तरेची खिडकी हा मामांचा कारखान्यातला नियम होता. शेड बघायची तर उत्तरेच्या उजेडात, तिथून ऊन आत येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा. मॅडमनी तो जसाच्या तसा लेखात घेतला होता आणि मी जसाच्या तसा उतरवला होता.

मामांनी ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"ह्यो देश कुठं हाय?"

मॅडमनी भिंतीवरच्या नकाशात दाखवला. अगदी खाली, कोपऱ्यात.

"तिकडं ऊन कुठनं येतं?"

मॅडम बोलायला लागल्या आणि मधेच थांबल्या. मग डोक्याला हात लावला. "अरे देवा. तिकडे सूर्य उत्तरेकडून असतो."

"मंग ती बाय उनात उभी ऱ्हावून शेड बगते," मामा म्हणाले. "दुपारपरेंत रंग पळणारच. चूक तिची नाय, आपली. आपुन अंबरनाथची खिडकी जगाला लावली. उत्तर-दक्षिण खोडा. लिवा, ज्या खिडकीतनं ऊन येत नाय ती खिडकी."

दोन पदव्या असलेले सर, डॉक्टरेटवाल्या मॅडम, रेघ न चुकवणारी मी. चूक आम्हा तिघांना दिसली नव्हती. उत्तर गेलं. आमची वेळ संपता संपता तिचं उत्तर आलं. जुळला. आणि खाली दोन ओळी. हे ज्यांनी शोधून काढलं त्यांचं नाव काय? मला नळ्यांशेजारी कार्डावर लिहायचं आहे.

मी सरांकडे पाहिलं. मॅडमनीही. मामा चंबू धूत होते.

सर म्हणाले, "लिही, आमच्या विभागाचं हे एकत्रित काम आहे."

मॅडम म्हणाल्या, "सर, नाव लिहू या ना. लेखकांत तीन जण आहेतच."

तेव्हा मॅडमना कळलं की दोनच आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते अजून आठवतं. पाठवायचं उत्तर सरांनी सांगितलं तेच मी पाठवलं.

संध्याकाळी मॅडमनी लेखाचं पहिलं पान छापून मामांना दिलं, कारण मामांनी मागितलं होतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कारखान्यात सही इंग्रजीत करायचे, त्यामुळे स्वतःच्या नावाची अक्षरं ओळखीची. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. वरून खाली. मग परत वरून.

"माझं कुठं हाय?"

मी सांगितलं. लाल चांदणी, बारा वाजता वीज, बंद कपाट, सगळं.

त्यांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, "फारम कोनी भरला?"

"मी."

"मंग येवढं लांब कशाला सांगतीस? गाळलं म्हन की."

रागावले नाहीत. पान चार घड्या घालून ड्रॉपरच्या खिशात ठेवलं. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. मंडळात आम्ही एवढी पत्रकं काढली, नगरपालिकेला, वीजवाल्यांना जाब विचारला. पत्रकात आपलंच नाव घालायची वेळ येईल असं कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी त्यांना बदलापुरातल्या सायबर कॅफेत घेऊन गेले. ई-मेल उघडला. पासवर्ड काय ठेवायचा विचारलं तर म्हणाले, "मला इसरता येनार नाय असं काय तरी." मग त्यांनी एका जुन्या रंगाचं नाव सांगितलं, कारखान्यातल्या. ते इथे लिहीत नाही. त्यांचं पहिलं नाव मी तेव्हा, रकाना भरताना, पहिल्यांदा ऐकलं. काशिनाथ.

त्या पत्त्यावरून आम्ही परिषदेच्या आयोजकांना लिहिलं. काय झालं, कसं झालं, चूक कोणाची. तीन दिवसांनी उत्तर आलं, मामांच्या पत्त्यावर, 'आदरणीय श्री. ठोंबरे' असं सुरू होणारं. मी मराठी करून वाचून दाखवलं. लेखाची पानं आता बंद झाली आहेत, पण लेखाच्या डोक्यावर दुरुस्ती लावता येईल. त्यासाठी पहिल्या लेखकानं, म्हणजे सरांनी, आपल्या ई-मेलवरून संमतीची एक ओळ पाठवावी. याला कसलीही मुदत नाही.

मी सोमवारी सरांकडे गेले.

"सर, एक ओळ पाहिजे."

"आता कशाला? परिषद संपली."

"पान संपलेलं नाही. जगात कुणीही उघडलं तर दिसतंय. दोन नावं."

"हे बघ प्रज्ञा, लेखक म्हणजे ज्यानं लिहिलं तो. मामांनी लिहिलंय का?"

"तुम्ही लिहिलंय का सर?"

हे फार उद्धटपणे आलं. सर लाल झाले, मग हसले. "तू आता माझ्यावर पत्रक काढणार वाटतं."

"तुम्ही ओळ पाठवा, काढणार नाही."

"अगं, मॅनेजमेंटला काय सांगू? परिचर लेखक? उद्या प्रत्येक विभागातला मामा म्हणेल, माझंही नाव घाला."

"काम केलं असेल तर घालायचं. काय बिघडेल?"

सरांनी जर्नल उघडलं. "बघू," म्हणाले.

ते बघू अजून चालू आहे. पुढच्या मे महिन्यात मामा निवृत्त झाले. निरोपाला सरांनी चांगलं भाषण केलं, आणि ते खोटं नव्हतं. भाषणभर मामा, मामा. श्रीफळ दिलं, शाल दिली. काशिनाथ हा शब्द त्या हॉलमध्ये एकदाही उच्चारला गेला नाही. मी मागे बसले होते, कान देऊन.

मला एक गोष्ट स्वतःच्या हातानं करता येण्यासारखी होती, ती केली. न्यूझीलंडच्या बाईंना माझ्या ई-मेलवरून खरं काय ते कळवलं आणि नाव पाठवलं, पूर्ण. त्यांच्याकडून एक फोटो आला. खिडकी, लाकडी घोडी, सहा नळ्या, आणि समोर टाचलेलं कार्ड, काशिनाथ गोविंद ठोंबरे, इंग्रजी अक्षरांत. मामांना सायबर कॅफेत नेऊन दाखवला. ते कितीतरी वेळ पडद्याच्या जवळ वाकून बघत राहिले. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल.

"तिची तिसरी नळी फिकी झालीय," ते म्हणाले. मग मागे सरकून जरा हसले. "नाय. पडदाच तसा असंल. पडद्यावर भरवसा नाय."

आणि उठताना, खिसा चाचपत, "आपल्या पानावर कधी येनार गो?"

त्या पानाला आता तीन वर्षं होत आली. मामा भात लावतात, महिन्यातून एकदा सायबर कॅफेत जाऊन ई-मेल उघडतात. त्यांच्या पेटीत दोन पत्रं आहेत, एक आयोजकांचं, एक त्या बाईंच्या खिडकीचा फोटो, मी पुढे पाठवलेला. तिसऱ्याची वाट बघतात.

हा अंक त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये येतो, मला माहीत आहे. म्हात्रे सर, मुदत नाही असं आयोजकांनी लिहिलंय, पण मामांना आहे. ती एक ओळ आज पाठवा.

बाकीच्यांनो, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तुम्ही कुठल्याही कॉलेजात शिकवत असाल, शिकत असाल, किंवा माझ्यासारखे दुसऱ्यांचे लेख कॉम्प्युटरवर चढवत असाल. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडेल त्या पहिल्या सकाळी तुमच्या प्रयोगशाळेत जा. तिथल्या मामांना त्यांचं पूर्ण नाव विचारा, तीन शब्दांचं. ते वहीत लिहून घ्या, पाच मिनिटं काढून त्यांचा ई-मेल उघडून द्या, आणि पुढच्या वेळी लाल चांदणी आली की तो रकाना भरा.